कुत्र्याची देहबोली, दंगामस्ती आणि पहिले धडे: इंदूरच्या नवख्या पालकांसाठी

पिल्लू घरी आलं की चार दिवसांत पाहुण्यांसमोर ‘शेक हँड’ करून दाखवायची घाई सुरू होते. माझं सांगणं उलट आहे. पहिले दोन-तीन आठवडे तुम्ही शिका. कुत्रं दिवसभर काहीतरी सांगत असतं: कानांनी, शेपटीने, अंग सैल आहे की ताठ यावरून, तोंड उघडं आहे की मिटलेलं यावरून. हे ज्याला कळायला लागतं त्याला पुढचं सगळं शिकवणं सोपं जातं. ज्याला कळत नाही त्याच्या घरातून कधीतरी ‘काहीच कारण नव्हतं हो, अचानक चावला’ असं ऐकू येतं. अचानक चावणारी कुत्री फार थोडी. बहुतेकांनी त्याआधी बऱ्याचदा सांगून पाहिलेलं असतं, फक्त घरात कोणाचं लक्ष नसतं.

लॅब्रॉडॉर असो, पामेरियन असो की सुदामा नगरच्या एखाद्या गल्लीतून उचलून आणलेलं देशी पिल्लू, खाली लिहिलेलं सगळ्यांना लागू आहे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या, वळलेल्या शेपटीच्या जातींचा चेहरा आणि शेपूट वाचायला थोडी अवघड जाते, तिथे बाकीच्या अंगाकडे जास्त बघा.

पहिली पायरी: आणण्याआधी, आणि आल्यावरचे पहिले दिवस

आठ आठवडे पुरे होण्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका, देणारा कितीही म्हणाला की ‘दूध सुटलंय, सगळं खातं’. त्या वयात भावंडं एकमेकांना कचाकच चावत असतात. जबडा किती आवळला की समोरचा किंचाळतो आणि खेळ मोडतो, हे त्यांना तिथेच कळतं. हा धडा माणसाला तितका चांगला देता येत नाही. लवकर आणलेली पिल्लं पुढे जोरात चावतात, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवीन गोष्टी सहज स्वीकारतं. या काळात जे शांतपणे पाहिलं, ऐकलं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. जे पाहिलंच नाही त्याची भीती बसू शकते. अडचण अशी की नेमक्या याच काळात लशी पुऱ्या झालेल्या नसतात आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या धोक्यामुळे डॉक्टर बाहेर जमिनीवर सोडू नका म्हणतात. ते बरोबरच आहे. मग कडेवर घेऊन फिरवा. सकाळी कचरागाडीचं गाणं, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत येणारे शेजारचे आजोबा, शाळेची व्हॅन, घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर, हे सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येक वेळी एक बारीकसा खाऊ द्या. पिल्लू आक्रसलं तर दोन पावलं मागे या. ‘काही होत नाही रे’ म्हणत पुढे ढकलू नका.

त्याला झोपायला घरातल्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर एक कोपरा द्या. पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात. त्या कोपऱ्यात ते असताना कोणीही, विशेषतः मुलांनी, हात लावायचा नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला तर पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत.

शी-शूचं गणित साधं आहे: झोपून उठलं, खाल्लं किंवा खेळलं की लगेच ठरलेल्या जागी न्या, झाल्याबरोबर तिथेच शाबासकी द्या. जितके महिने वय, साधारण तितके तास ते धरू शकतं. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. घरात झालं तर काही न बोलता पुसून टाका. नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसाच्या देखत करायचं नाही, आणि मग सोफ्याच्या मागे जाऊन करतं. बाहेर नेताना खिशात पिशवी किंवा जुनं वर्तमानपत्र असू द्या. २०१७ पासून सलग अनेक वर्षं आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलंय, त्यात आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलणं हेही आलं.

दुसरी पायरी: अंग वाचायला शिका

‘शेपूट हलवतोय, म्हणजे खूश आहे’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. हलणारी शेपूट एवढंच सांगते की कुत्रं चेतलेलं आहे. अंग सैल, कंबरेपासून मागचा सगळा भाग डोलतोय, शेपूट मध्यावर आणि ऐसपैस फिरतेय, तर ते आनंदात आहे. शेपूट उंच, ताठ, आणि फक्त टोक भरभर थरथरतंय, अंग पुढे झुकलेलं, तोंड मिटलेलं, तर हात पुढे करू नका. शेपूट पायांत घालून हलवणारं कुत्रं घाबरलेलं असतं आणि तुम्हाला मनवत असतं. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांना असंही दिसलं की मालकाला पाहिल्यावर कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकते, आणि दांडगट अनोळखी कुत्रा दिसला की डाव्या बाजूला. नुसत्या डोळ्यांना हे सहज टिपता येत नाही, पण शेपटीत किती बारकावे आहेत ते यावरून कळतं.

कुत्रं अवघडलं की आधी बारीक खुणा करतं. खायला काही समोर नसताना जीभ नाकावरून फिरवणं. झोप आलेली नसताना जांभई. मान वळवणं, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, पुढचा एक पंजा उचलून धरणं. भिजलेलं नसतानाही अंग झाडणं, ही तर ताण ओसरल्याची खूण, म्हणजे आत्ताच काहीतरी न आवडणारं घडून गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थिजणं. चाललेली हालचाल एकाएकी थांबली, श्वास अडकल्यासारखा झाला, की पुढच्या क्षणी काहीही होऊ शकतं. तिथे तुम्हीही थांबा, हात काढून घ्या, बाजूला व्हा.

एक सराव आजच करून बघा. फोनमधले कुत्र्यासोबतचे घरच्यांचे फोटो काढा. मुलाने गळ्यात हात टाकून मिठी मारलेली आहे, मूल मनापासून हसतंय. आता मुलाकडे न बघता फक्त कुत्र्याकडे बघा. तोंड घट्ट मिटलेलं आहे? कान मागे चिकटलेत? नजर कॅमेऱ्याकडे नाही, कडेला गेली आहे आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय? तो फोटो आपल्याला गोड वाटला होता. कुत्रं मात्र सुटायची वाट पाहत होतं. मिठी माणसाला प्रेमाची वाटते, बऱ्याच कुत्र्यांना ती अडकल्यासारखी वाटते. मुलांना मिठीऐवजी छातीवर किंवा खांद्यावर खाजवायला शिकवा. तीन सेकंद खाजवा, हात काढा, आणि बघा: कुत्रं आणखी जवळ सरकलं तर पुन्हा, दूर बघितलं तर पुरे.

उताणं होऊन पोट दाखवणं म्हणजे दर वेळी ‘खाजव’ नसतं. अंग सैल, तोंड उघडं असेल तर खुशाल खाजवा. शेपूट पोटाशी घेतलेली, अंग आवळलेलं असेल तर ते ‘मला त्रास देऊ नका’ म्हणतंय.

तिसरी पायरी: गुरगुरण्यावर ओरडू नका

या एका मुद्द्यासाठी मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. कुत्रं जेवताना जवळ गेलं आणि ते गुरगुरलं, की घरातलं कोणीतरी चप्पल घेऊन धावतं. ‘मालकावर गुरगुरतो म्हणजे काय!’ मार खाल्लेलं कुत्रं खरंच गुरगुरणं बंद करतं. ताटली जाण्याची भीती मात्र तशीच राहते. म्हणजे तुम्ही फक्त सूचना बंद केली. पुढच्या वेळी ते सूचना न देता चावेल, आणि बहुधा समोर सहा-सात वर्षांचं मूल असेल.

गुरगुरल्यावर मागे सरका. काय नको होतं ते लक्षात घ्या. नंतर, शांतपणे, त्याच गोष्टीची भीती घालवा. जेवणाचं उदाहरण घेतलं तर, ताटलीपासून पुरेशा अंतरावरून जाता जाता एक चांगला तुकडा ताटलीच्या दिशेने टाका आणि निघून जा. दिवसांमागून दिवस हेच. माणूस जवळ येतो तेव्हा आपलं जात नाही, उलट मिळतं, हे पक्कं बसलं की तुम्हाला येताना पाहून कुत्रं मान वर करून बघायला लागतं. ताटलीत हात घालून ‘सवय’ लावायचा प्रकार मात्र करू नका, त्याने भीती वाढते.

आता ‘मालक कोण ते दाखवून द्या’ याबद्दल. पिल्लाला उताणं पाडून दाबून धरणं, आधी आपण जेवणं, दारातून आधी आपण जाणं, हे सगळं ज्या ‘अल्फा’च्या, म्हणजे कळपावर हुकूम गाजवणाऱ्या म्होरक्याच्या, कल्पनेवर उभं आहे ती १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांबद्दल प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून पसरली. एकमेकांना अनोळखी लांडगे एका जागी कोंडले होते, ते भांडणारच. पुढे डेव्हिड मेक या अभ्यासकाने, ज्यांच्या आधीच्या लेखनामुळे ही कल्पना आणखी रुजली होती, १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. शिवाय कुत्रं म्हणजे लांडगा नव्हे. तुमचं पिल्लू सोफ्यावर चढतं ते सोफा मऊ आहे म्हणून.

चौथी पायरी: मस्ती आणि भांडण यातला फरक

आमच्या कॉलनीच्या मैदानात संध्याकाळी एक वर्षभराचा लॅब्रॉडॉर आणि एक तपकिरी देशी कुत्री खेळतात. लांबून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दात दिसतात, गळ्याला धरलेलं असतं, गुरगुर तर भिंतीपलीकडे ऐकू जाते. बाकावरचे आजोबा दर वेळी म्हणतात, ‘‘अहो, सोडवा की त्यांना, रक्त काढतील एकमेकांचं!’’

मी त्यांना शेजारी बसवून दाखवलं. कुत्री आधी पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवते, मागचा भाग वर. हे खेळाचं आमंत्रण. ती धावते तेव्हा सरळ बाणासारखी नाही, उड्या मारत, वेडीवाकडी धावते. लॅब्रॉडॉर तिच्या दुप्पट वजनाचा, तरी तो स्वतःहून खाली लोळतो आणि तिला वर येऊ देतो. थोड्या वेळाने ती खाली, तो वर. तोंडं उघडी, सैल, ओठ मागे ओढलेले नाहीत. मध्येच दोघं एकदम थांबतात, एक शिंकतो, दुसरी अंग झाडते, जमीन हुंगते, आणि पुन्हा सुरू. ‘‘म्हणजे दमले की स्वतःच थांबतात,’’ आजोबा म्हणाले. हो, निरोगी खेळात अशा छोट्या सुट्ट्या असतातच.

खेळ बिघडायला लागतो तेव्हा या सुट्ट्या आधी नाहीशा होतात. मग एकच कुत्रं सतत वर राहतं, दुसरं पायांत शेपूट घालून बाकाखाली किंवा माणसांच्या पायांमागे शिरतं. उड्या जाऊन सरळ, वेगवान, आवाज न करता पाठलाग सुरू होतो. तोंड मिटतं. मानेवर मान ठेवून अंग ताठ होतं. खेळातली गुरगुर वर-खाली होते, भपकेबाज असते. खरी गुरगुर खोल, एकसुरी, आणि अंग स्थिर असताना येते. पाठीवरचे केस उभे राहिले म्हणून लगेच घाबरू नका, आनंदाच्या भरातही ते उभे राहतात. ती खूण बाकीच्यांसोबत वाचायची.

शंका आली तर एक सोपी चाचणी आहे. जो वरचढ वाटतोय त्याला धरून बाजूला घ्या आणि दुसऱ्याला मोकळं सोडा. तो दुसरा परत धावत आला, ‘चल ना’ म्हणून खाली वाकला, तर त्याला खेळ हवा होता. तो संधी साधून लांब गेला, तर आजचा खेळ संपला. वरचढ कुत्र्याच्या मालकाने ‘अहो, आमचा खेळतोच फक्त’ म्हटलं तरी संपला. आपल्या कुत्र्याच्या वतीने आपल्यालाच बोलायचं असतं.

चांगला चाललेला खेळही मिनिट-दोन मिनिटांनी मोडा. नाव घेऊन बोलवा, खाऊ द्या, श्वास खाली बसू द्या, आणि ‘जा’ म्हणून पुन्हा सोडा. उकळी येण्याआधी थांबवलेला खेळ भांडणावर जात नाही, आणि बोलावलं की खेळ कायमचा संपत नाही हेही कुत्रं शिकतं. वजनात फार मोठा फरक असेल, समजा रॉटवायलर आणि पामेरियन, तर धावाधावीचा खेळ नकोच. छोटं कुत्रं किंचाळत पळालं की मोठ्याच्या मनात शिकारीची ऊर्मी जागी होऊ शकते आणि तिथे स्वभाव कितीही गरीब असून उपयोग नसतो. साखळीत बांधलेली दोन कुत्री समोरासमोर खेळवू नका, ताणलेल्या पट्ट्याने अंग ताठ होतं आणि खुणा बिघडतात. आधी दोघांना अंतर ठेवून एकाच दिशेने शेजारी-शेजारी चालवा.

घरात दोरीची ओढाओढ खेळायला हरकत नाही. तुम्ही हरलात म्हणून कुत्रं डोक्यावर बसत नाही. दात हाताला लागले की दोरी खाली, खेळ थोडा वेळ बंद, एवढा एक नियम ठेवा.

पाचवी पायरी: दात शिवशिवणारं पिल्लू

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून २८ दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात आजीच्या साडीचा पदर, चपला, खुर्चीचे पाय, काहीच सुटत नाही. पदर धरला तर ओढू नका, ओढला की तो खेळ होतो. जागच्या जागी उभं राहा आणि चावायचं दुसरं काही नाकाजवळ धरा. ओला करून, पिळून, फ्रीझरमध्ये ठेवलेला जाड सुती फडका किंवा थंड गाजर हिरड्यांना बरं वाटतं.

हात चावला की हात सैल सोडून थांबवा, झटकू नका. मोठ्याने ओरडण्याने काही पिल्लं थांबतात, बरीचशी आणखी चेकाळतात. पुन्हा चावलं तर न बोलता उठा, दाराआड जा, वीस-तीस सेकंदांनी परत या. दात लागले की माणूस जातो, हे घरातल्या प्रत्येकाने सारखंच पाळलं तर पिल्लाला कळतं. तोंड दाबून धरू नका. संध्याकाळी सात-आठला पिल्लू भूत संचारल्यासारखं चावत सुटलं तर ते बहुधा पेंगुळलेलं असतं. त्याला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात झोपवा. मुलांना ‘झाड’ व्हायला शिकवा: पळायचं नाही, हात अंगाशी, नजर जमिनीकडे, आवाज बंद.

सहावी पायरी: पहिले चार शब्द

आधी घरात बसून शब्द ठरवा. आपल्या घरांत आजी ‘बस’ म्हणते, मुलं ‘सिट’, कामाच्या ताई ‘बैठ’. कुठलाही चालेल, पण सगळ्यांचा एकच हवा.

खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा, मऊ, पटकन गिळता येणारा. उकडलेलं चिकन उत्तम. शाकाहारी घरात बिनमिठाचं पनीर, उकडलेलं रताळं. शेव देऊ नका, मीठ आणि मसाला फार. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून सकाळच्या पोह्यातला घासही नाही. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवला जातो आणि त्यात बेदाणे असतात, तेव्हा त्या दिवशी विशेष लक्ष ठेवा. चॉकलेट तर अजिबात नाही.

आता ‘छान’ या शब्दाला अर्थ द्या. ‘छान’ म्हणा, लगेच खाऊ. दहा-बारा वेळा, काहीही न करवता. रशियाच्या पाव्हलॉव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. जेवण येण्याआधीच, नुसत्या खुणेने कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं हे त्यांनी याच कामात पाहिलं. तुमचं ‘छान’ तशी खूण बनलं की ज्या क्षणी कुत्र्याने योग्य केलं तो क्षण तुम्ही अचूक दाखवू शकता. उशीर झाला तर कुत्रं पुढच्याच कृतीचं बक्षीस समजतं.

बसायला शिकवताना खाऊ नाकाशी धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर गेली की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला की ‘छान’ आणि खाऊ. कंबर दाबून बसवू नका. हाताच्या खुणेवर पाच-सहा वेळा बसायला लागलं की मग शब्द जोडा, आधी नाही. हॉलमध्ये शिकलेलं कुत्रं गच्चीवर पार विसरल्यासारखं करतं. तो हट्ट नसतो, जागा बदलली की त्याच्यासाठी तो धडा नवा असतो. गच्ची, जिना, फाटक, मग गल्ली, असं पुन्हा पहिल्यापासून शिकवत जा.

‘ये’ हा सगळ्यात मोलाचा. तो नेहमी आनंदाने म्हणायचा आणि त्यानंतर कधीही वाईट घडू द्यायचं नाही. अंघोळीला, नखं कापायला, रागवायला ‘ये’ म्हणून बोलावू नका, त्यासाठी स्वतः जाऊन घेऊन या. मैदानात लांब दोरी लावून सराव करा. आलं, गळपट्टा हलकेच धरला, खाऊ दिला, परत सोडलं.

‘सोड’ म्हणजे अदलाबदल: तोंडातल्या चपलेपेक्षा चांगलं काही नाकापुढे धरा. तोंडात बोटं घालून हिसकावलं तर कुत्रं पुढच्या वेळी पळून जाऊन गिळतं. ‘थांब’ दारापाशी शिकवा, दार किंचित उघडून, पुढे आलं तर बंद. पट्टा ओढत चालत असेल तर ओढल्याबरोबर तुम्ही उभे राहा, सैल पडला की चला. पहिले दिवस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पोचणार नाही, चालेल.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीन-चारदा. सहा महिन्यांनंतर कुत्रं वयात येतं आणि शिकलेलं विसरल्यासारखं वागतं. दीड वर्षापर्यंत हा लहरीपणा चालतो. चिडू नका, सोपं करून पुन्हा शिकवा.

सातवी पायरी: गल्लीतली कुत्री, ऊन आणि सण

खंडोबाशेजारी कुत्रा असतोच, होळकरांच्या राजवाड्यातही मल्हारी मार्तंड आहेत, आणि गल्लीतल्या कुत्र्याला पोळी टाकणारी घरं इथे कमी नाहीत. ही कुत्री आपल्या हद्दीत नवं पिल्लू आलं की चौकशीला येणारच. पळू नका, पट्टा आवळू नका. पिल्लू आपल्या मागे घ्या, मूठभर बिस्किटांचे तुकडे त्यांच्या मागच्या बाजूला लांब फेका आणि तिरके निघून जा. ज्यांच्या कानाला खाच आहे त्यांची पशुजन्म नियंत्रणाखाली नसबंदी झालेली असते आणि तेव्हा रेबीजची लसही दिलेली असते. रोजच्या वाटेवरच्या कुत्र्यांशी तुमची स्वतःची ओळख आधी करून घ्या.

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर पंजांनाही सोसणार नाही. फिरणं पहाटे आणि रात्री.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, दिवाळीचे फटाके आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), या तीन दिवसांची तयारी महिनाभर आधी सुरू करा. फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावा आणि सोबत खायला द्या, रोज जरासा वाढवा. त्या दिवशी आतल्या खोलीत, पंखा चालू, खिडक्या बंद. घाबरून जवळ आलं तर कुशीत घ्या, त्याने भित्रेपणा वाढत नाही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू द्या, आवाजाने उधळलेली कुत्री खूप लांब जातात. गेर बघायला कुत्र्याला राजवाड्यावर नेऊ नका.

आठवी पायरी: भांडण झालं, चावलं, किंवा आपल्याने होत नाही

दोन कुत्री खरंच जुंपली तर मध्ये हात घालू नका आणि गळपट्टा ओढू नका. बादलीभर पाणी टाका, ताटल्या आपटा, मध्ये खुर्ची किंवा फळी सरकवा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय उचलून मागे मागे जा.

माणसाला दात लागले, नुसतं खरचटलं तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, मिरची, चुना काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा; लाल अस्पताल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हुकुमचंद पॉलिक्लिनिकसारख्या शासकीय ठिकाणी लस मिळते. खोल जखमेला लशीसोबत जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते डॉक्टरांना विचारा आणि पुढच्या तारखा चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. आपल्या पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी.

शांत कुत्रं एकाएकी चिडकं झालं तर आधी डॉक्टरकडे न्या. कान, दात, सांधे दुखत असले की कुत्री हात लावू देत नाहीत. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे, गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी तिथे विचारता येतं.

दुखणं नसेल आणि प्रशिक्षक ठेवायचा असेल, तर पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘‘कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?’’ उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), झटका देणारा पट्टा, दाबून धरणं आलं तर नमस्कार करून निघा. ‘महिनाभर आमच्याकडे ठेवा, सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याकडेही पाठवू नका. तुमच्या घरी, तुमच्या हातून शिकवून घेणारा शोधा. पहिला तास स्वतः समोर बसा आणि कुत्र्याचे कान, तोंड, शेपूट बघा. पुढच्या वेळी तोच माणूस दारात आल्यावर कुत्रं पलंगाखाली गेलं, तर त्याला चहा देऊन शिकवणी तिथेच बंद करा.